क्षयाचे मूळ शोधणारा डॉक्टर

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्या करणाऱ्यास क्षयरोग जडतो, असे सांगितले आहे. म्हणजे खोकून खोकून मरणारा माणूस मुळात पापीच! १९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळला गेला तो हाच ग्रंथ. युरोपातही एकोणिसाव्या शतकात क्षय घराण्याच्या रक्तातून येतो, असे अनेक डॉक्टर मानत. या समजुतींना पुराव्यानिशी मूठमाती दिली ती रॉबर्ट कॉख यांनी.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्टाल या खाणींच्या गावी झाला. वैद्यक शिकून ते एका लहान गावात सरकारी डॉक्टर झाले. दिवसा रोगी तपासायचे, उरल्या वेळात घरीच सूक्ष्मदर्शक लावून बसायचे. तिथेच त्यांनी अँथ्रॅक्सच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. १८७६ साली ते जगापुढे आले आणि पुढे बर्लिनची प्रयोगशाळा त्यांना मिळाली.

क्षयाचा जंतू मोठा चिवट. त्याच्या मेणचट आवरणावर रंग चढत नाही, वाढही अतिशय सावकाश. कॉख यांनी रंगाची युक्ती शोधली, रक्तद्रवावर आठवडेच्या आठवडे जंतू वाढवला, तो गिनिपिगांना टोचला. त्यांना क्षय झाला आणि त्यांच्या शरीरात तोच जंतू सापडला. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी हे बर्लिनमध्ये मांडले. तो दिवस आज जागतिक क्षयरोग दिन आहे.

पण विभूतिपूजा हा आपला मार्ग नव्हे. १८९० साली कॉख यांनी ट्यूबरक्युलिन हे औषध जाहीर केले आणि त्याची घडण मात्र गुप्त ठेवली. आशेने धावलेले रोगी बरे झाले नाहीत, काही दगावले. पुढे ते फक्त निदानाच्या कामी आले. १९०६-०७ मध्ये पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर त्यांनी ॲटॉक्सिल टोचले, त्यात काही आफ्रिकी रुग्णांची दृष्टी कायमची गेली. साम्राज्याच्या विज्ञानाला काळ्या माणसाचे शरीर स्वस्त वाटत होते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

१८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी कॉख मुंबईला आले होते. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. रोगाशी लढायला शोध लागतो, तशी माणुसकीही लागते.

१९०५ मध्ये कॉख यांना नोबेल मिळाले. २७ मे १९१० रोजी ते वारले, तेव्हा क्षयावर औषध नव्हते. आज आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, पूर्ण घेतले तर रोगी बरा होतो. तरीही जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरोगी भारतात आहेत. जंतू जात विचारत नाही; पण एका खोलीत आठ माणसे, खिडकी नाही आणि ताटात अर्धी भाकर, तिथे तो मुक्काम करतो. आजही क्षय लपवला जातो, आजारी सुनेला माहेरी धाडले जाते.

कारण सापडून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आता घर, हवा आणि भाकर यांचा हिशेब मागायचा तो नशिबाकडे नाही, सरकारकडे!