अर्नेस्ट लॉरेन्स : आधी छोटी चाचणी, मग मोठं यंत्र



'हे जमणारच नाही' असं म्हणून आपण किती प्रयोग करून न पाहताच सोडून देतो, नाही का? आज अशा एका शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊया, ज्यांनी आधी करून पाहिलं.

अर्नेस्ट लॉरेन्स यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, कँटन या छोट्या गावी झाला. आई-वडील दोघंही शिक्षकी पेशातले. शिक्षणाच्या खर्चासाठी त्यांनी दारोदार फिरून ॲल्युमिनियमची भांडी विकली. १९२८ मध्ये ते बर्कले विद्यापीठात आले. १९३१ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी जेमतेम साडेचार इंचांचा सायक्लोट्रॉन चालवून दाखवला. आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, चुंबकाने गोल फिरवायचे आणि दर अर्ध्या फेरीला विजेचा धक्का द्यायचा. झोक्याला वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो ना, तसंच! यासाठी त्यांना १९३९ चं नोबेल मिळालं.

खरी कसोटी १९४१ मध्ये लागली. युरेनियम-२३५ हे युरेनियम-२३८ पासून वेगळं करायचं होतं. चुंबकात हलके आयन लहान वर्तुळात वळतात, जड मोठ्या वर्तुळात. तत्त्व सोपं. पण भरपूर माल हवा तर आयनांचा झोत दाट हवा, आणि समान भार एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे दाट झोत पसरून जाईल, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत होतं.

लॉरेन्स यांचा अंदाज वेगळा होता. निर्वात पेटीत थोडी हवा उरतेच. आयन तिच्यावर आदळून इलेक्ट्रॉन सुटे होतील आणि ते ऋणभारित इलेक्ट्रॉन झोताला सावरतील. त्यांनी ३७ इंची सायक्लोट्रॉनचा चुंबक या कामाला जुंपला. २ डिसेंबर १९४१ च्या पहिल्या चाचणीत फक्त पाच मायक्रोॲम्पिअरचा झोत मिळाला, म्हणजे एका ॲम्पिअरचा दोन लाखावा भाग! जानेवारीत ५० मायक्रोॲम्पिअरचा झोत नऊ तास चालला. हाती आलं १८ मायक्रोग्रॅम युरेनियम, पण त्यात २३५ चं प्रमाण २५ टक्के होतं. अंदाज बरोबर ठरला.

मग ओक रिज इथे अशा हजाराहून अधिक टाक्या उभ्या राहिल्या. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं युरेनियम तिथूनच आलं. लॉरेन्स १९५८ मध्ये वारले. १०३ क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्यांचं नाव आहे.

वर्गात दोन फुगे लोकरीवर घासून शेजारी टांगा. ते दूर पळतील. मध्ये हात धरा, हाताकडे ओढले जातील. मग हे चरित्र सांगा. आणि हो, हिरोशिमाचा भाग गाळू नका. 'जमेल का?' याचं उत्तर प्रयोग देतो. 'करावं का?' यावर मुलांना बोलू द्या.