हिरव्या रेघेचा माणूस

शनिवारवाड्यावरून नवा पूल ओलांडून संगमाकडे वळले, की अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. तिथे एके काळी वेधशाळा होती, हे शनिवार पेठेत हयात घालवलेल्या कितीकांना ठाऊक असेल?

ती उभारली कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तितकीच भर घातली आणि १८८८ मध्ये काम सुरू झाले.

ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरला, की त्यातल्या रेघा मूलद्रव्ये सांगतात; रेघा किती सरकल्या यावरून वेग कळतो. कृत्तिकेसारख्या तारकागुच्छांची जडणघडण आजही अशीच उलगडतात.

मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ होती. ती मॅग्नेशियमची, असे नॉर्मन लॉकियर या बड्या इंग्रज शास्त्रज्ञाचे मत. तसे असते तर रेघ एका बाजूने पुसट दिसायला हवी. नायगमवालांना पुण्यातून ती दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. ज्या लॉकियरांचा सल्ला घेऊन वेधशाळा उभारली, त्यांच्याच विरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी १८९१ मध्ये लंडनच्या नियतकालिकात छापला. केवढे हे धाडस! ती रेघ ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवले.

१८९८ चे खग्रास ग्रहण त्यांनी जेऊरला टिपले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली.