त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा : गोमंतकाचा निर्वासित देशभक्त

गोवा मुक्तिसंग्रामाचे नाव निघाले की माळव्यातील जुन्या पिढीला उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ आठवतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. त्या एका दिवशी वीसहून अधिक जणांनी प्राण वेचले व त्यांत राजाभाऊ होते. सागरच्या सहोद्राबाई राय हाती तिरंगा असताना त्याच दिवशी जखमी झाल्या. मांडवी-झुवारीच्या मुलखाशी रक्ताचे वा व्यापाराचे कसलेही नाते नसलेली ही माणसे शेकडो मैलांवरून तेथे गेली. ती ज्या प्रश्नासाठी गेली, तो प्रश्न हिंदुस्थानचाच आहे हे सर्वप्रथम ठामपणे सांगणारा पुरुष मात्र आपल्याकडे फारसा परिचित नाही. टी. बी. कुन्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना गोव्यात गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. त्यांनी मराठीत लेखन केले नाही. पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रजी या त्यांच्या लेखणीच्या भाषा होत्या, आणि मराठी वाचकांच्या कपाटात त्यांना जागा न मिळण्याचे हे एक कारण असावे.

कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदर गावी झाला. कांसावलीजवळचे कुएली हे त्यांचे मूळ गाव. घराणे सुखवस्तू, ख्रिस्ती आणि विद्याव्यासंगी होते. प्रारंभीचे शिक्षण पणजीस झाले. पुढील शिक्षणासाठी मुंबईस न जाता ते फ्रेंचांच्या पाँडेचेरीस गेले आणि तेथून पॅरिसला. ब्रिटिश हिंदुस्थानातील महाविद्यालयांचा संस्कार त्यांच्यावर झालाच नाही. पॅरिसमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली, परंतु मन रमले ते साम्राज्यशाहीविरोधी वर्तुळात. महायुद्धोत्तर पॅरिस ही तेव्हा अनेक परतंत्र देशांतील तरुणांची पाठशाळा होती. रोमाँ रोलाँ यांच्यासारख्यांच्या परिवारात वावरत असताना त्यांनी हिंदी स्वातंत्र्य चळवळीची बाजू फ्रेंच वृत्तपत्रांतून मांडली. युरोपात सुखाने स्थायिक होण्यास कोणतीही अडचण नसताना १९२६ साली ते गोव्यास परतले.

तेच वर्ष पोर्तुगालच्या इतिहासात दुर्दैवी ठरले. लष्करी उठावाने लिस्बनमधील प्रजासत्ताक संपुष्टात आले आणि त्यातून पुढे सालाझारची दीर्घ हुकूमशाही उभी राहिली. १९३० सालच्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम दर्जाचे प्रजाजन ठरवले. वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण बसले, सभा-संमेलनांवर बंदी आली. लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील परवानगीवाचून छापता येत नसे. कुन्हा यांचे मेहुणे लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात या कायद्याचा निषेध करणारा आणि स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र १९३७ साली बंद पाडण्यात आले आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

या वातावरणात कुन्हा यांनी १९२८ साली मडगावी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली व ती राष्ट्रीय सभेशी संलग्न करून घेतली. गोवा हा हिंदुस्थानचा भाग आहे हे केवळ भावनेने न सांगता संघटनेच्या कागदोपत्री नोंदवण्याचा हा पहिला प्रयत्न होय. सहा वर्षांनी, १९३४ साली, काँग्रेसच्या नव्या घटनेनुसार परकीय सत्तेखालील समित्यांची संलग्नता रद्द झाली. इंदूरकरांना या घटनेचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. संस्थानी प्रजेचा लढा तिने आपल्या बळावर लढावा हे काँग्रेसचे धोरण होळकर राज्यातील कार्यकर्त्यांनीही अनुभवले होते आणि त्यातूनच प्रजामंडळाचे कार्य वाढले. फरक एवढाच की संस्थानिकाच्या पाठीमागे इंग्रज होता, आणि इंग्रज जाताच त्याचा आधार तुटला. गोव्यातील सत्तेला इंग्रजांच्या जाण्याने काहीच बाधा आली नाही.

संलग्नता गेल्यावरही कुन्हा लिहीत राहिले. गोव्यातील गरीब कुणबी मजुरांना आसामच्या चहामळ्यांत पाठविण्याचा व्यवहार त्यांनी चव्हाट्यावर आणला. ख्रिस्ती भद्र घराण्यातील मनुष्याने तळाच्या कष्टकऱ्यांची कैफियत मांडावी, हे त्या काळच्या जातिबद्ध गोमंतकीय समाजात साधे नव्हते. १९४४ साली प्रसिद्ध झालेली त्यांची पुस्तिका गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वाच्या लोपाविषयी आहे. चार शतकांच्या राजवटीने जमिनीबरोबर माणसाची स्वतःविषयीची जाणीवही कशी काबीज केली, याचे तीत कठोर विवेचन आहे. आपल्या समाजाला त्यांनी मुळीच गोंजारले नाही. परक्याचे अनुकरण हीच प्रतिष्ठा मानणाऱ्या सुशिक्षितांवर त्यांनी जे ओरखडे काढले, ते वाचून स्वकीयही दुखावले असतील. काही ठिकाणी त्यांचा निवाडा अतिव्यापक वाटतो, परंतु आत्मपरीक्षणाचे एवढे धैर्य त्या काळच्या गोमंतकीय लेखनात विरळाच.

१८ जून १९४६ रोजी डॉ. ज्युलियांव मिनेझिस आणि डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावी बंदी मोडून सभा घेतली आणि गोव्यात जणू वणवा पेटला. सभास्वातंत्र्य व भाषणस्वातंत्र्य एवढीच त्या चळवळीची प्राथमिक मागणी होती. जुलैमध्ये कुन्हा यांना अटक झाली. आग्वादच्या किल्ल्यातील कोंदट कोठडीत त्यांना ठेवण्यात आले आणि लष्करी न्यायालयापुढे खटला चालवून आठ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. नागरिकावर लष्करी न्यायासनापुढे खटला भरण्याचा हा गोव्यातील पहिलाच प्रसंग. पंचावन्न वर्षांच्या या विद्वानाला समुद्रापार पोर्तुगालमध्ये नेऊन अटलांटिकच्या काठावरील पेनिश किल्ल्यात डांबण्यात आले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे व जुझे इनासियु लोयोला हेही त्याच वाटेने गेले. याच किल्ल्यात सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही बंदिस्त असत. गोव्याच्या स्वातंत्र्येच्छूंचा आणि पोर्तुगालमधील लोकशाहीवाद्यांचा शत्रू एकच होता.

१९५० साली सार्वत्रिक माफीत त्यांची सुटका झाली, पण ती नावापुरतीच. पारपत्र नाकारल्यामुळे देश सोडता येईना. तुरुंगाच्या भिंती गेल्या आणि पोर्तुगालच्या सीमा हाच नवा तुरुंग झाला. अखेर १९५३ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते लिस्बनहून निसटून पॅरिसला पोचले व तेथून मुंबईस आले. ज्या पॅरिसने तरुणपणी त्यांना राजकारणाची दीक्षा दिली, तेच उतारवयात त्यांच्या सुटकेची वाट ठरले.

मुंबई त्या वेळी गोव्याबाहेरचे सर्वांत मोठे गोमंतक होती. धोबी तलावच्या आसपास गावोगावचे कूड होते. जहाजावरचे खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून यांची ती आश्रयस्थाने. पूर्व आफ्रिकेत नोकरी करणाऱ्यांच्या हाती पोर्तुगीज पारपत्रे होती. गोमंतकीय समाज पोर्तुगीज राज्यात सुखी आहे, असा दावा लिस्बन जगापुढे करत होते. १९५१ साली तर वसाहतींना सागरपार प्रांत असे नामाभिधान देऊन वसाहतीचा प्रश्नच उरला नसल्याचा आव आणला गेला. गोव्यात तोंड उघडणे अशक्य असल्याने त्याला उत्तर देण्याचे काम बाहेरच्या गोमंतकीयांवर आले. पण त्यांच्यात एकवाक्यता कोठे होती? कोणी सत्याग्रही, कोणी शस्त्राचारी, कोणी साम्यवादी. शिवाय पोर्तुगीजांशी निष्ठा राखणारेही होते. प्रत्येक पक्षाचे स्वतंत्र कार्यालय आणि स्वतंत्र रुसवे. निर्वासितांच्या राजकारणाला हा शाप सर्वत्रच असतो. मायभूमीतील जनतेपुढे मतांसाठी जाता येत नाही, त्यामुळे खरा प्रतिनिधी कोण याचा निकाल कधीच लागत नाही.

हे तुटलेले धागे जुळविण्यासाठी कुन्हा यांनी गोवा कृती समिती उभारली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र चालवले. समितीला सर्वांची मोट बांधणे पूर्णतः साधले असे म्हणता येणार नाही. पत्राने मात्र आपले काम चोख बजावले. गोवा हा धर्माचा वा अल्पसंख्याकांचा प्रश्न नसून वसाहतवादाचा आहे, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. हे सांगणारा स्वतः ख्रिस्ती कुळातील, फ्रेंच विद्येत वाढलेला आणि पोर्तुगीज तुरुंग भोगलेला असल्याने त्याच्या शब्दाचे वजन लिस्बनला खोडता येत नव्हते. १९५५ च्या रक्तपातानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि सत्याग्रह थांबला; पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीच्या मार्गाचा वाद हेगच्या न्यायालयात नेला. दोन्हींमुळे मुक्तीचा दिवस लांबला.

तो दिवस पाहणे कुन्हा यांच्या नशिबी नव्हते. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह १९६१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. कुन्हा यांच्या अस्थी मात्र त्यानंतरही पाव शतक मुंबईतच होत्या. १९८६ साली त्या पणजीस नेऊन आझाद मैदानावरील स्मारकात ठेवण्यात आल्या.