बुरशीने दिलेलं जीवदान

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला, की चार दिवसांत वर बुरशी दिसायला लागते. पाव दोन दिवस जास्त राहिला तरी तेच. आपण नाक मुरडतो आणि टाकून देतो. अशीच एक नकोशी बुरशी एका डॉक्टरांनी टाकून न देता नीट पाहिली आणि जगाला पेनिसिलिन मिळालं. त्यांचं नाव अलेक्झांडर फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. घरात आठ भावंडं. अलेक्झांडर सात वर्षांचे असताना वडील गेले. आई ग्रेस यांनी थोरल्या मुलांच्या मदतीने शेती आणि घर दोन्ही सांभाळलं. पुढे मुलगा भावाकडे लंडनला गेला आणि एका जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षं कारकुनी केली. काकांच्या वारशाचे थोडे पैसे हाती आले, तेव्हा कुठे डॉक्टरकीची वाट मोकळी झाली. १९०१ मध्ये त्यांनी सेंट मेरीज हॉस्पिटलच्या महाविद्यालयात नाव घातलं. मग सारं आयुष्य तिथेच गेलं.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात होते. गोळी लागून वाचलेले जवान नंतर जखम चिघळून दगावत होते. खोल जखमेत ओतलेली जंतुनाशकं जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच जास्त मारतात, हे फ्लेमिंग यांनी दाखवून दिलं. जंतू मरतील पण माणसाला इजा होणार नाही, असं काही मिळेल का, हा ध्यास तेव्हापासूनचा. याच काळात, १९१५ मध्ये, सारा नावाच्या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं.

फ्लेमिंग यांचं कामाचं टेबल काही टापटीप नव्हतं. सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परतले, तेव्हा जंतू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या बशा तशाच पडून होत्या. हे जंतू म्हणजे गळू आणि पू करणारे. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते. दुसऱ्या कुणी बशी धुवायला टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती बुरशी वेगळी काढून वाढवली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचं टोक छोट्या कुंचल्यासारखं दिसतं. कुंचल्याच्या लॅटिन शब्दावरून या बुरशीचं नाव पेनिसिलियम पडलेलं होतं. आधी ते तिच्या पाण्याला नुसतं ‘बुरशीचा रस’ म्हणत. १९२९ मध्ये त्यांनी त्याला पेनिसिलिन हे नाव दिलं.

पण रसापासून औषध करणं सोपं नव्हतं. ते टिकेना, शुद्धही होईना. फ्लेमिंग यांनी बुरशी मात्र जिवंत ठेवली आणि मागेल त्याला दिली. दहा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी हे काम पुढे नेलं. भांडी मिळेनात म्हणून रुग्णांच्या बेडपॅनमध्येसुद्धा बुरशी वाढवली. तिची देखभाल करायला तरुण मुली नेमल्या होत्या. फेब्रुवारी १९४१ मध्ये मरणाच्या दारातल्या एका पोलिसाला पहिलं औषध दिलं. तो सुधारू लागला. औषध इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचलं. तरी ते संपलं आणि तो गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गर्भपातानंतर रक्तात जंतू पसरून महिनाभर तापाने फणफणलेल्या एका बाईला पेनिसिलिन मिळालं. एका रात्रीत ताप उतरला. ती नव्वद वर्षांची होईपर्यंत जगली. बाळंतपणात किंवा पोट पडल्यावर अशा तापाने किती बायका गेल्या, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला वेगळं सांगायला नको.

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि थोडंसंच घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिनचा उपयोग होत नाही. ती मरते. चूक नवऱ्याची, जीव बायकोचा!

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग यांचं निधन झालं. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

मैत्रिणींनो, ती गोष्ट आज आपल्या घराघरांत घडते आहे. मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवायच्या, शेजारणीच्या मुलाला द्यायच्या, बरं वाटलं की मनाने बंद करायच्या, हे वस्त्यांमधून फिरताना नेहमी दिसतं. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिला या गोळ्यांचा काही उपयोग नाही. न्यूमोनिया, जंतूंमुळे सुजलेला घसा, पिकलेला कान अशा दुखण्यांना मात्र डॉक्टर हे औषध देतात. संधिवाताच्या तापाने ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या आहेत, त्यांना ठरावीक दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते चुकवू नका. आणि गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन अशी शेवटी ‘सिलिन’ असलेली नावं पेनिसिलिनच्याच घराण्यातली. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठलं असेल किंवा धाप लागली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

डॉक्टरांनी दिलं तरच घ्यायचं, सांगितलं तितके दिवस घ्यायचं, आणि उरलं तर दुसऱ्याला द्यायचं नाही. घरातल्या औषधाच्या डब्याची किल्ली बहुधा आपल्याच हातात असते. तेवढी ती नीट सांभाळू या.