हंसाबेन दोन शब्दांवर अडून बसल्या आणि जगाच्या जाहीरनाम्यात बायका आल्या

१० डिसेंबर १९४८. पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं पहिलंच कलम सांगतं, की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. आज वाचताना यात विशेष काही वाटत नाही. पण मूळ मसुद्यात माणसं नव्हतीच. तिथं होतं ऑल मेन.

हे खटकलं हंसा मेहतांना.

जन्म ३ जुलै १८९७, सुरतचा. आजोबा नंदशंकर मेहता म्हणजे गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिणारे, आणि वडील मनुभाई बडोदा संस्थानचे दिवाण. हंसाबेन बडोद्यातच पदवीधर झाल्या आणि पुढं शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथं सरोजिनी नायडूंशी ओळख झाली आणि बायकांच्या मताधिकाराची चळवळ जवळून बघायला मिळाली.

परत आल्यावर त्यांनी डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं. हेच ते मुंबईच्या केईएमचे पहिले डीन आणि नंतर गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. आडनाव एकच, पण हंसाबेन नागर ब्राह्मण आणि जीवराज वैश्य. जातवाले खवळले. सयाजीराव गायकवाड मात्र या जोडप्याच्या पाठीशी उभे राहिले.

१९३० च्या सत्याग्रहात हंसाबेननी मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निदर्शनं केली आणि तुरुंगात गेल्या. पुढं अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष असताना भारतीय स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद तयार झाली. त्यात शिक्षण, मताधिकार, समान वेतन, मालमत्ता आणि लग्नाचे कायदे असं सगळं मागितलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्या गेल्या तेव्हा हा सगळा अभ्यास आधीच झालेला होता.

आयोगात बायका दोनच. एक अध्यक्षा एलिनोर रूझवेल्ट, दुसऱ्या हंसाबेन. रूझवेल्टबाईंचं म्हणणं, मेन म्हटलं की त्यात बायकाही आल्याच, अमेरिकेत असंच समजतात. ऐकायला ठीक आहे. पण त्याच अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ऑल मेन लिहिल्यावर तिथल्या बायकांना देशभर मताधिकार मिळायला १९२० उजाडलं होतं!

हंसाबेनचा मुद्दा कायद्याचा होता. उद्या एखादं सरकार म्हणेल, इथं पुरुष लिहिलंय, बायकांचा संबंध नाही. मग दाद कुठं मागायची? त्या हटल्या नाहीत. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगानंही हाच आग्रह धरला, आणि शेवटी ऑल ह्यूमन बीइंग्ज झालं.

सगळंच बदललं असं नाही बरं का. त्याच कलमात माणसांनी एकमेकांशी बंधुभावानं वागावं हे आजही आहे, आणि पुढच्या कलमांत तो आणि त्याचं कुटुंब अशी भाषाही.

इकडं त्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला तो त्यांनीच. समान नागरी कायदा सक्तीच्या भागात हवा म्हणून अमृत कौर आणि मिनू मसानींसोबत त्यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. ते मान्य झालं नाही.

१९४९ मध्ये बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि हंसाबेन कुलगुरू झाल्या. मुलंमुली एकत्र शिकणाऱ्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी बाई, हे देशात पहिल्यांदाच घडत होतं. ४ एप्रिल १९९५ ला त्या गेल्या. या विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे.