बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स मन्रो ऊर्फ बर्ट मन्रो (जन्म : इन्व्हरकार्गिल, न्यू झीलंड, २५ मार्च १८९९, मृत्यू : इन्व्हरकार्गिल, ६ जानेवारी १९७८) हे न्यू झीलंडमधील मोटारसायकल शर्यतपटू आणि हौशी यंत्रकार होते. १९२० साली विकत घेतलेल्या 'इंडियन स्काउट' या एकाच मोटारसायकलीची दुरुस्ती आणि फेरबांधणी ते सुमारे अर्धशतकभर करीत राहिले. त्याच गाडीवरून त्यांनी अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम नोंदवले. १९६७ साली १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांच्या गटात विक्रम करताना त्यांचे वय ६८ वर्षे होते आणि त्यांची गाडी ४७ वर्षांची झाली होती.

नावाविषयी

मन्रो यांच्या बाबतीत दोन नावांचा खुलासा करणे आवश्यक आहे. 'इंडियन' हे मोटारसायकलीचे नाव वाचून भारतीय वाचकाची गल्लत होण्याचा संभव आहे. या गाडीचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली स्थापन झालेल्या कारखान्याच्या गाड्या या नावाने विकल्या जात आणि तेथे या शब्दाचा रोख अमेरिकेतील मूळ रहिवाशांकडे होता. दुसरे नाव खुद्द मन्रो यांचे. ते स्वतः आपल्या नावात 'ई' हे इंग्रजी अक्षर वापरीत. १९५७ साली एका अमेरिकी मासिकाने त्याजागी 'यू' छापले आणि मन्रो यांनी चूक दुरुस्त करून घेण्याऐवजी तेच रूप स्वीकारले. देवनागरीत दोन्ही रूपे 'बर्ट' अशीच लिहिली जात असल्याने मराठीत हा फरक दिसत नाही.

बालपण आणि तारुण्य

मन्रो यांचे बालपण इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेस असलेल्या एडनडेल या गावाजवळील शेतावर गेले. हा भाग न्यू झीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला, साउथलंड प्रांतात येतो. त्यांची जुळी बहीण जन्मतःच दगावली आणि हा मुलगाही फार जगणार नाही असे डॉक्टरांचे मत होते, असे सांगितले जाते. वडिलांची नाराजी पत्करून घरातील सर्वांत वेगवान घोडा शेतातून भरधाव सोडणे हा त्यांचा लहानपणचा आवडता उद्योग होता. मोटारी, मोटारसायकली आणि विमाने नुकतीच दिसू लागली होती, तो हा काळ. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी 'डग्लस' ही मोटारसायकल घेतली. १९१९ साली 'क्लायनो' बनावटीची साइडकार जोडलेली गाडी घेतली, साइडकार काढून टाकली आणि फोर्ट्रोज येथील मार्गावर स्थानिक विक्रम केले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वडिलांनी शेत विकले. त्यानंतर मन्रो काही काळ ओटिरा बोगद्याच्या बांधकामावर कामाला होते. वडिलांनी नवे शेत घेतल्यावर ते परत आले. पुढे त्यांनी व्यावसायिक शर्यतपटू म्हणून नशीब आजमावले, पण जागतिक मंदीच्या काळात त्यांना पुन्हा घरी यावे लागले. मोटारसायकलींचा विक्रेता आणि कारागीर म्हणून नोकरी हे त्यानंतरचे त्यांचे उपजीविकेचे मुख्य साधन होते.

इंडियन स्काउट

चार्ल्स फ्रँकलिन यांनी आखलेली 'स्काउट' १९२० सालच्या हंगामासाठी बाजारात आली. मन्रो यांनी त्याच वर्षी इन्व्हरकार्गिलमध्ये एक नवी स्काउट घेतली. तिचा इंजिन क्रमांक ५०आर६२७ होता. इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर, सुमारे ६०० घन सेंटिमीटर क्षमता, हाताने टाकायचे तीन गिअर अशी तिची रचना होती. कारखान्यातून आली त्या अवस्थेत तिचा कमाल वेग ताशी सुमारे ५५ मैल (८९ किमी) होता. रोजच्या वापरासाठी ही गाडी उत्तम मानली जाई. विक्रमासाठी ती बनवलेलीच नव्हती.

१९२६ पासून मन्रो यांनी तिच्यात फेरफार सुरू केले. मूळ इंजिन 'साइड व्हॉल्व्ह' पद्धतीचे होते, म्हणजे त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. अशा रचनेत इंधनमिश्रित हवेला वळसा घेऊन सिलिंडरमध्ये शिरावे लागते आणि मिश्रण फारसे दाबताही येत नाही. त्यामुळे शक्तीला लवकरच मर्यादा पडते. मन्रो यांनी व्हॉल्व्ह डोक्यावर आणणारी रचना स्वतः तयार केली. इंजिनाची क्षमता वाढवत नेली. ती अखेरीस ९५० घन सेंटिमीटरपर्यंत पोहोचली. एका जागी शक्ती वाढली की दुसरी जागा कमकुवत ठरे. पिस्टन टिकला तर कनेक्टिंग रॉड तुटे, रॉड मजबूत केला तर क्लच घसरे. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले, तर कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण साधारण चौपट होतो. कमी फेऱ्यांसाठी बेतलेल्या गाडीत असे बिघाड वारंवार होणे अटळ होते. मन्रो यांच्या अनेक दशकांच्या कामाचा मोठा भाग हे बिघाड एकामागून एक निस्तरण्याचाच होता.

सुटे भाग विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नसत आणि हवे तसे भाग बाजारात मिळतही नसत. १९५३ साली स्प्रिंगफील्डच्या कारखान्याने उत्पादन बंद केल्यावर तर हा प्रश्नच मिटला. मन्रो आपले पिस्टन स्वतः ओतीत आणि साच्यासाठी जुने पत्र्याचे डबे वापरीत. सिलिंडर, फ्लायव्हील, व्हॉल्व्ह चालवणारे कॅम हेही ते स्वतःच घडवीत. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून कापून व कानशीने घासून काढले. सूक्ष्ममापक म्हणून चाकाचा जुना स्पोक वापरल्याचीही नोंद आहे. ही साधने पाहून कामही ओबडधोबड असेल असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा ठरेल. ताशी १८० मैलांच्या वेगाने धावणाऱ्या इंजिनात ओबडधोबड भाग काही सेकंदही टिकत नाही. मन्रो यांच्याजवळ महागडी यंत्रे नव्हती. त्यांची उणीव ते वेळ आणि पुनरावृत्ती यांनी भरून काढीत. एखादा भाग मोडला की तो कोठे आणि कसा मोडला हे पाहायचे, पुढचा त्या जागी जाड करायचा किंवा धातू बदलायचा, आणि पुन्हा गाडी किनाऱ्यावर न्यायची, अशी ही पद्धत होती.

मोडलेले भाग त्यांनी फेकले नाहीत. पिस्टन, रॉड आणि सिलिंडर यांचे अवशेष त्यांनी आपल्या शेडमधील फळीवर मांडून ठेवले आणि वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाचा मजकूर तेथे लिहिला. या फळीचा उल्लेख विनोद म्हणून केला जातो आणि तो विनोद होताही; पण या कामाची दुसरी कोणतीही इतकी संपूर्ण नोंदवही नसावी.

स्काउटशिवाय १९३६ सालची 'व्हेलोसेट' ही ब्रिटिश गाडीही मन्रो यांच्याकडे होती. तिच्यावरही त्यांनी याच प्रकारे काम केले व शर्यती केल्या.

संसार आणि शेड

मन्रो यांचा विवाह १९२७ साली झाला आणि त्यांना चार अपत्ये झाली. दिवसभर नोकरी आणि रात्री उशिरापर्यंत गाडीवर काम असा त्यांचा अनेक वर्षांचा दिनक्रम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पतिपत्नी विभक्त झाले आणि १९४७ साली घटस्फोट झाला. त्याच दशकात त्यांनी नोकरी सोडली आणि एका गॅरेजवजा शेडमध्ये मुक्काम हलवला. तेथे निजण्याची जागा आणि कामाची जागा एकच होती. मन्रो यांच्यावरील लोकप्रिय लेखनात हा भाग बहुधा एका वाक्यात आटोपला जातो आणि शेडमधील एकाकी म्हाताऱ्याचे चित्र रंगवले जाते. ते शेडमध्ये राहावयास गेले तेव्हा पन्नाशीच्याही आत होते आणि त्यांना कुटुंब होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या छंदाची खरी किंमत कळत नाही.

न्यू झीलंडमधील विक्रम

इन्व्हरकार्गिलजवळील ओरेटी हा लांबलचक, टणक वाळूचा किनारा मन्रो यांची प्रयोगशाळा होता. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून तेथे चाचण्या घेतल्या जात. त्यांनी न्यू झीलंडमधील वेगाचे अनेक विक्रम केले. मेलबर्न येथेही ते शर्यतींत उतरले. १९५७ साली त्यांनी किनाऱ्यावरील वेगाचा राष्ट्रीय विक्रम ताशी १३१.३८ मैल (२११ किमी) इतका नेला. याच दशकाच्या अखेरीस त्यांना हृदयशूलाचा त्रास सुरू झाला. तरीही न्यू झीलंडमधील वाळू आणि रस्ते आता गाडीला अपुरे पडू लागले होते.

बॉनव्हिल

अमेरिकेच्या यूटा राज्यातील बॉनव्हिलचे मैदान म्हणजे प्राचीन सरोवर आटून तयार झालेला मिठाचा सपाट थर आहे. १९४९ पासून तेथे दर ऑगस्टमध्ये वेगाच्या चाचण्यांचा सप्ताह भरतो. मन्रो तेथे दहा वेळा गेले. पहिली भेट केवळ पाहण्यासाठी होती. उरलेल्या नऊ वेळा ते गाडी घेऊन उतरले. दर खेपेस समुद्रमार्गे गाडी पाठवणे, तुटपुंज्या पैशांत प्रवास करणे आणि वाटेत मिळेल तेथे दुरुस्त्या करणे असा हा प्रकार होता.

बॉनव्हिलसाठी मन्रो यांनी गाडीला माशासारखे निमुळते कवच बसवले. ताशी १५० मैलांच्या पुढे इंजिनाची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते, त्यामुळे असे कवच अपरिहार्य होते. मात्र त्यात स्वार जवळजवळ पालथा झोपलेला असतो आणि गाडी डळमळू लागली तर त्याला फारसे काही करता येत नाही. शिवाय मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ आहे. तिचा रोध कमी असला, तरी इंजिनाला मिळणारा प्राणवायूही कमी पडतो. त्यामुळे ओरेटीच्या समुद्रकाठी साधलेला कार्ब्युरेटरचा मेळ येथे पुन्हा जुळवावा लागे.

१९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, मन्रो यांनी ८८३ घन सेंटिमीटर गटात ताशी १७८.९५ मैल (२८८ किमी) वेगाचा विक्रम केला. १९६६ साली ताशी १६८.०७ मैल (२७०.५ किमी) वेगाचा दुसरा विक्रम झाला. २६ ऑगस्ट १९६७ रोजी १,००० घन सेंटिमीटर गटात त्यांनी ताशी १८३.५९ मैल (२९५.५ किमी) हा विक्रम नोंदवला. विक्रमासाठी एकाच दिशेची धाव पुरेशी नसते. वाऱ्याचा फायदा निघून जावा म्हणून उलट दिशेनेही धावावे लागते आणि दोन्हींची सरासरी काढतात. त्याच वर्षी पात्रतेसाठी केलेल्या एका दिशेच्या धावेत गाडीने ताशी १९०.०७ मैल (३०५.९ किमी) वेग गाठला होता. एका धावेत तिने ताशी २०५ मैलांची मर्यादा ओलांडल्याचेही सांगितले जाते. तो अधिकृत विक्रम नाही.

मूळ वेगाच्या तिपटीहून अधिक वेगाने धावणारी ही गाडी १९२० सालची तीच गाडी होती का, असा प्रश्न उपस्थित करता येतो. इंजिनाच्या आतील बहुतेक भाग बदललेले होते. तरी इंजिनाचे मूळ कवच कायम होते, आणि बदललेले भाग कारखान्याचे नसून एकाच माणसाच्या हातचे होते. जुन्या गाड्यांच्या छंदात गाडी पूर्ववत करणे आणि गाडी पुढे नेणे असे दोन पंथ आढळतात. मन्रो नि:संशय दुसऱ्या पंथाचे होते. आपली स्काउट जशी होती तशी जपावी, असे त्यांना कधी वाटल्याचे दिसत नाही.

अखेरची वर्षे

१९७७ साली मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही आणि यंत्रकामही अवघड झाले. आपल्या दोन्ही गाड्या साउथलंडमध्येच राहाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी स्काउट आणि व्हेलोसेट या दोन्ही गाड्या स्थानिक व्यापारी नॉर्मन हेज यांना विकल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इन्व्हरकार्गिलमधील 'ई. हेज अँड सन्स' या हेज कुटुंबाच्या दुकानात, खिळे, कुलपे आणि बागकामाची अवजारे यांच्या सान्निध्यात, त्यांच्या गाड्या पाहावयास मिळतात.

चित्रपट आणि स्मृती

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो हयात असतानाच, १९७१ साली, त्यांच्यावर माहितीपट केला होता. त्याच दिग्दर्शकाचा 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट २००५ साली आला. त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. आज जगभर मन्रो यांचे नाव माहीत आहे ते प्रामुख्याने या चित्रपटामुळे. चित्रपटात बॉनव्हिलच्या अनेक वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. कथेच्या सोयीसाठी हे समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे मधल्या वर्षांतील अपयशे, मायदेशी परतून पुन्हा केलेली बांधणी आणि पुन्हा जमवलेले पैसे दृष्टिआड होतात. २००६ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. साउथलंडमध्ये त्यांच्या नावाने दरवर्षी शर्यतींचा महोत्सव भरतो आणि त्यात ओरेटी किनाऱ्यावरील शर्यतही असते.

विक्रमातील दुरुस्ती

१९६७ सालच्या विक्रमाचा आकडा अनेक वर्षे ताशी १८३.५९ मैल असाच छापला जात होता. मन्रो यांचे पुत्र जॉन यांना त्या वेळच्या आकडेमोडीत चूक झाल्याचे आढळले आणि त्यांनी ती अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या निदर्शनास आणून दिली. असोसिएशनने आकडे तपासून चूक मान्य केली. २०१४ साली, मन्रो यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, त्यांचा विक्रम ताशी १८४.०८७ मैल (२९६.२६ किमी) असा सुधारून नोंदवण्यात आला.