तपासाची शाळा उभारणारा न्यायाधीश

गुन्ह्याच्या जागी एक कोट सापडला होता. तो कोणाचा, हे सांगणारी एकही खूण त्यावर नव्हती. तेव्हा तो एका मजबूत कागदी पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करण्यात आले आणि पिशवी काठीने बडवण्यात आली. तळाशी साचलेली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर तीत लाकडाचे बारीक तंतू दिसले. म्हणजे कोटाचा मालक लाकूडकाम करणारा असावा. पण धुळीत सरसाची पूडही होती. घराची तुळई-वासे घडवणाऱ्या सुताराला सरस लागत नाही. तो लागतो सांधे जोडून सामान घडवणाऱ्या कारागिराला. तपासाची दिशा एवढ्यावरून ठरली आणि ती अचूक निघाली.

ही हकिगत शेरलॉक होम्सच्या कथेतली वाटेल. प्रत्यक्षात ती एका ऑस्ट्रियन न्यायाधीशाने तपास अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथातली आहे. त्या न्यायाधीशाचे नाव डॉ. हान्स ग्रोस. संगणक, मोबाइल आणि सर्व्हर यांतून पुरावा शोधणाऱ्या आजच्या सायबर तपास अधिकाऱ्यांना ज्या शिस्तीचे धडे दिले जातात, तिची मुळे शोधत गेले की आपण या माणसापाशी येऊन पोहोचतो. तपास ही कोणा एका हुशार माणसाला लाभलेली दैवी देणगी नाही. ती शिकवता येते, शिकता येते आणि अनुभवांची देवाणघेवाण केल्याने वाढते, हे त्यांनी आयुष्यभर मांडले. मात्र त्यांच्याच आयुष्यात असे काही घडले की, त्या शिस्तीच्या मर्यादाही उघड्या पडल्या.

ग्रोस यांचा जन्म २६ डिसेंबर १८४७ रोजी ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरात झाला. तेथेच त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, १८७० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते स्टायरिया प्रांतात न्यायखात्याच्या सेवेत दाखल झाले. त्यांच्या वाट्याला तपास-न्यायाधीशाचे काम आले. हे पद आपल्याकडे नाही. तेथील पद्धतीत गुन्ह्याचा प्रत्यक्ष तपास न्यायाधीशाने चालवायचा असे. घटनास्थळी जायचे, साक्षीदारांचे जबाब घ्यायचे, मुद्देमाल गोळा करायचा आणि सारे कागदोपत्री बांधून खटल्यासाठी पुढे पाठवायचे.

अडचण अशी होती की, विद्यापीठाने या तरुण न्यायाधीशाला कायद्याची कलमे शिकवली होती. मृतदेहाजवळ उभे राहिल्यावर आधी काय पाहायचे, हे शिकवले नव्हते. हाताखाली जे मनुष्यबळ होते, त्यातले पुष्कळसे सैन्यातून आलेले होते. ते प्रामाणिक असत, पण तपासाचे शिक्षण त्यांनाही नव्हते. चुलीपाशी पडलेली राख, चिखलातला पावलाचा ठसा, कुऱ्हाडीच्या दांड्यावरचा डाग यांचे मोल कोणालाच उमगत नसे. सगळी भिस्त कबुलीजबाबावर आणि साक्षीदारांच्या तोंडी सांगण्यावर होती.

ग्रोस यांनी स्वतःच शिकायचे ठरवले. वैद्यक, रसायन, सूक्ष्मदर्शनशास्त्र, प्राणी व वनस्पतींचे ज्ञान, छायाचित्रण, शस्त्रांची रचना अशा नाना विषयांचा तपासाला काय उपयोग होईल, हे ते वर्षानुवर्षे टिपत राहिले. सुमारे दोन दशकांच्या या साधनेचे फळ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तपास-न्यायाधीश, पोलीस व शिपाई यांच्यासाठीची हस्तपुस्तिका असे त्याचे साधे नाव होते. तीत जखमा, शस्त्रे, पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, चोरी, फसवणूक, जाळपोळ यांबरोबर सांकेतिक लिपी उलगडण्याचे तंत्र, चोरांची गुप्त बोली आणि गुन्हेगारांच्या अंधश्रद्धा यांवरही सविस्तर विवेचन होते. या नव्या विद्येला त्यांनी ‘क्रिमिनॅलिस्टिक’ हे नाव रूढ केले. पुढे युरोपभर तेच चालले.

या ग्रंथातला सर्वांत लोभस भाग म्हणजे तपासाच्या पिशवीचे वर्णन. मध्यरात्री बोलावणे आले तरी उचलून निघता यावे, अशी ती सदैव भरून ठेवलेली असावी. तीत कागद, शाई, मोजपट्टी, कंपास, ठसे उचलण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस, मेणबत्त्या, लाख, भिंग, साबण असे सामान असे. शिवाय खेड्यात साक्षीदाराला शपथ द्यायची तर हाताशी असावा म्हणून लहानसा क्रूस आणि भेदरलेल्या लहान मुलाला बोलते करण्यासाठी थोडी मिठाईही असे. आज सायबर पथकाच्या पेटीत डिस्कवर काही लिहिले जाऊ न देणारे उपकरण, लहरी रोखणारी पिशवी आणि मोहोरबंद करण्याचे साहित्य असते. सामान बदलले, पण आधी तयारी आणि मग धाव ही रीत तीच राहिली.

त्या ग्रंथातला एक नियम पुढे जगभरच्या पोलिसांच्या तोंडी बसला. घटनास्थळावरील कोणतीही वस्तू तिचे वर्णन नोंदवून होईपर्यंत हलवायची नाही, उचलायची नाही, तिला स्पर्शही करायचा नाही. जप्त केलेला संगणक उत्सुकतेने सुरू करून पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून नेमका हाच नियम मोडला जातो. संगणक नुसता सुरू केला तरी त्यातील अनेक फायलींच्या वेळा बदलतात, तात्पुरत्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून आज मूळ डिस्कला हात न लावता तिची तंतोतंत प्रत काढतात आणि दोहोंचे ‘हॅश मूल्य’ जुळवून पाहतात. मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी हा आकडा बदलतो. चिखलातल्या ठशावर कोणी पाय देऊ नये म्हणून ग्रोस जी दक्षता सांगत होते, तिचेच हे आजचे रूप.

तपास अधिकाऱ्याने सर्व शास्त्रांत पारंगत व्हावे, असा मात्र ग्रोस यांचा हट्ट नव्हता. कोणता प्रश्न कोणत्या जाणकाराला विचारायचा आणि तो कसा विचारायचा, हे त्याला कळले पाहिजे, यावर त्यांचा भर होता. वैद्य, रसायनज्ञ, खनिजांचे अभ्यासक, वनस्पतितज्ज्ञ, बंदूक घडवणारे कारागीर यांच्याशी तपास अधिकाऱ्याचा परिचय हवा. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघम येते, ही त्यांची शिकवण होती. एखादा मोबाइल प्रयोगशाळेकडे पाठवताना त्यातून नेमके काय हवे आहे, हे न लिहिता सगळे काही तपासून द्यावे असे लिहिले, तर काय होते, हे प्रयोगशाळांतील मंडळींना चांगलेच ठाऊक आहे.

१८९८ मध्ये त्यांनी दोन मोठी कामे केली. एक, गुन्ह्याशी निगडित मानसशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साक्षीदार खोटे बोलत नसतानाही चुकीचे सांगू शकतो, पाहणे आणि आठवणे यांत मन भर घालते आणि न्यायाधीशाचे मनही त्याला अपवाद नसते, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवले. दुसरे, गुन्हेतपासाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. वेगवेगळ्या ठिकाणचे न्यायाधीश, डॉक्टर आणि पोलीस अधिकारी आपापल्या प्रकरणांतले अनुभव त्यात लिहू लागले. एका गावातल्या अधिकाऱ्याला उमगलेली युक्ती शेकडो मैलांवरच्या अनोळखी सहकाऱ्याच्या उपयोगी पडू लागली. गुन्हेगार प्रांतांच्या सीमा मानत नाहीत. मग त्यांचा माग काढणाऱ्यांनी आपले ज्ञान आपल्याच कचेरीत कुलूपबंद का ठेवावे, हा त्यामागचा विचार होता.

विद्यापीठांना हे सहजासहजी पटले नाही. धूळ आणि डाग हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय कसा, असा तेव्हाचा सूर होता. तरीही ग्रोस यांना प्राध्यापकपद मिळाले. आधी चेर्नोविट्झ, मग प्राग आणि १९०५ पासून जन्मगावी, ग्राझला. प्रागमध्ये त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यांत फ्रान्झ काफ्का नावाचा एक अबोल तरुण होता. ग्राझ येथे त्यांनी जप्त शस्त्रे, बनावट नाणी, विषे अशा वस्तूंचे संग्रहालय उभारले होते. ते पाहण्यासाठी नव्हते, शिकवण्यासाठी होते. अखेर १९१२ मध्ये ग्राझ विद्यापीठात गुन्हेतपासशास्त्राची स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

ग्रोस यांच्या ग्रंथाचा भारताशी जवळचा संबंध आहे. त्याचे इंग्रजी रूपांतर लंडनच्या आधी मद्रासमध्ये १९०६ साली छापले गेले. जॉन अ‍ॅडम आणि जे. कॉलियर अ‍ॅडम या मद्रासच्या सरकारी वकिलांनी ते येथील दंडाधिकारी व पोलिसांसाठी, भारतीय परिस्थितीला जुळवून घेऊन केले होते. त्याच दशकात मुंबई इलाख्यात पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची शाळा सुरू झाली आणि ती पुढे नाशिकला स्थिरावली. शिकवून तयार केलेला पोलीस ही कल्पना आपल्याकडे अशी रुजत होती.

पण या ग्रंथाला एक काळी बाजूही होती. साक्षीदाराच्या मनातले पूर्वग्रह बारकाईने दाखवून देणारे ग्रोस स्वतःचा एक मोठा पूर्वग्रह ओळखू शकले नाहीत. जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भटक्या रोमा लोकांवर त्यांनी जे प्रकरण लिहिले, त्यात अख्ख्या समाजालाच जन्मजात गुन्हेगार ठरवले. ‘अधःपतित’ ठरवलेल्या माणसांना समाजातून हद्दपार करावे, असेही ते मांडत. महाराष्ट्राला या विचाराची झळ वेगळी सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी यांसारख्या समाजांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. पण गावात चोरी झाली की आधी पालावर जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

दुसरी जखम घरातली होती. ग्रोस यांचा एकुलता मुलगा ऑटो डॉक्टर झाला, फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाकडे ओढला गेला, आणि पित्याची सत्ता हेच माणसाच्या दुःखाचे मूळ आहे, असे मांडू लागला. तो अराजकवादी होता आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेला होता. नोव्हेंबर १९१३ मध्ये बर्लिन पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, सीमेपार ऑस्ट्रियात नेले आणि तेथे त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. यामागे वडिलांचा हात होता. पुढे त्याला वेडा ठरवून त्याचे पालकत्वही त्यांच्याकडेच देण्यात आले. बर्लिन, म्युनिच, व्हिएन्ना येथील लेखक-कलावंतांनी वृत्तपत्रांतून निषेधाची मोहीम उघडली आणि १९१४ मध्ये ऑटोची सुटका झाली. मुलाच्या जिवाची काळजी वडिलांना नव्हती, असे म्हणता येणार नाही. त्याचे व्यसन खरे होते. पण आरोप करणारा, पोलिसांना हलवणारा आणि निकालानंतर ताबा घेणारा माणूस एकच असेल, तर त्या तपासाला निःपक्षपाती कसे म्हणायचे? त्याच १९१४ मध्ये, गुन्हा न सांगता अटक झालेल्या माणसाची ‘द ट्रायल’ ही कादंबरी काफ्का यांनी लिहायला घेतली. या प्रकरणाची छाया तीत पाहणारे अभ्यासक आहेत.

पहिले महायुद्ध पेटलेले असताना, ९ डिसेंबर १९१५ रोजी ग्रोस यांचे ग्राझ येथे निधन झाले. ऑटोचा मृत्यू १९२० मध्ये बर्लिनमध्ये, दैन्यावस्थेत झाला. ग्रोस यांचे नियतकालिक मात्र बदललेल्या नावाने त्यांच्यानंतरही चालू राहिले, संग्रहालय ग्राझ विद्यापीठात आजही आहे आणि त्यांनी घालून दिलेली रीत तर सर्वत्र पसरली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनी त्या रीतीला बंधनाचे रूप दिले आहे. झडती व जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जावे, अशी तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते. जालन्यातील विधानसभा निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच अशा प्रमाणपत्राची आवश्यकता अधोरेखित केली होती. पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांना सायबर तपासाचे शिक्षण देणारे केंद्र सरकारचे व्यासपीठही उभे राहिले आहे. ग्रोस आज असते तर ते या वर्गात आनंदाने शिकवायला उभे राहिले असते.

त्यांच्या चरित्राचा उरलेला अर्धा भागही त्याच वर्गात शिकवला जावा. डिस्कची प्रत तंतोतंत निघेल, हॅश मूल्य जुळेल, पंचनामा निर्दोष होईल. पण कोणाच्या दारावर आधी थाप मारायची आणि कोणाचा मोबाइल जप्त करायचा, हे अजूनही माणूसच ठरवतो. त्या क्षणी त्याच्या मनात काय आहे, हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. इतरांची मने एवढ्या बारकाईने वाचणाऱ्या हान्स ग्रोस यांनाही स्वतःचे मन तेवढे तपासता आले नव्हते.